ओहोटीची ड्युटी

अठरा वर्षं मॉलच्या दारात उभा होतो,
हातात ते काळं, वल्ह्यासारखं यंत्र.
खांदा, कंबर, खिसा. पुढे.
आवाजावरून ओळखायचो मी
किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, गुडघ्यात बसवलेली सळी.
एकदा एका म्हाताऱ्याच्या छातीतला पेसमेकर वाजला
आणि तोच माझी माफी मागू लागला.

निवृत्तीच्या पैशांतून थोडे बाजूला काढून
लॅमिंग्टन रोड गाठला. हुजेफाभाईंनी
काउंटरवर तीन मशिनं आडवी निजवली.
"हे स्वस्त. कोरड्या मातीत चालेल,
खाऱ्या ओल्या वाळूत वेड्यासारखं कोकलेल.
हे खोल जातं, पण खिळा आणि नथ
याला सारखीच.
हे मात्र बारीक सोन्यालाही जागं होतं."
किंमत ऐकून मी पाणी मागितलं.
तिसरंच घेतलं.
मुलाला निम्मी किंमत सांगितली.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर पहिला महिना
मशीन नुसतं रडत होतं.
मग शिकलो: कॉइल खाली, वर, खाली, वर,
वाळूचा स्वतःचा हुंकार विरेपर्यंत.
आधी जमिनीला गप्प करायचं,
मग विचारायचं.

आणि एक नॉब आहे, नको ते गाळणारा.
लोखंड गाळलं. बाटल्यांची बुचं गाळली.
गोळ्यांची रिकामी पाकिटं, चॉकलेटची चांदी,
सगळं गाळलं.
केवढी शांतता! हेडफोनमध्ये फक्त माझा श्वास,
आणि आठ आठवडे
हाताला काही नाही.

हौशाबाय चिंचय जाळं झटकत होती.
"काय रं, तुज्या काठीची वाचा गेली?"
तिला नॉब दाखवला.
"मना कचरा नको, असां दर्याला सांगलं
त म्हावरां तरी देल का तो?"

घरी येऊन माहितीपुस्तिका पुन्हा वाचली, चष्मा पुसून.
खरंच होतं. बारीक सोनं आणि चॉकलेटची चांदी
मशिनला एकाच सुरात ऐकू येतात.
एक गाळलं की दुसरं गेलंच.

तेव्हापासून लोखंड सोडून सगळं खणतो.
एकशेबारा बुचं. जस्ताचं खेळण्यातलं पिस्तूल.
तीन पितळी किल्ल्या, कुलपं कुठे कोण जाणे.
हवालदाराने हटकलं, "बाँब शोधताय?"
"सोनं, साहेब."
त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं आणि सोडून दिलं.

मग अमावास्येला पाणी लांब गेलं,
खडकांच्या कुशीत, जड वस्तू येऊन बसतात तिथे,
मऊ, गोल, दोन्ही बाजूंनी सारखा आवाज.
पाकीट असणार, म्हटलं.
वीतभर खणलं. चाळणीत राहिली
मंगळसूत्राची एक वाटी.
आत वाळू, काठोकाठ, वाढून ठेवल्यासारखी.

"कुणाची तरी हरवली" म्हणायला गेलो, अडखळलो.
हे मशीन तांबं सांगतं, जस्त सांगतं,
किती बोटं खोल तेही सांगतं.
हरवलेलं आणि फेकलेलं
यातला फरक त्याच्या पडद्यावर येत नाही.

नाना कारेकरांनी वाटी काट्यावर ठेवली,
वजन सांगितलं नाही. भिंगातून बघत
एवढंच विचारलं,
"हिची जोडीदारीण कुठाय?"

दोन असतात. एक माहेरची, एक सासरची.
इतकं मलाही माहीत होतं.
ही कुठली, ते नानांनाही सांगता येईना.

विकली नाही.
आता ओहोटीची वेळ बघून रोज त्याच खडकांशी जातो,
खांदा, कंबर, खिसा, असा किनारा चाचपतो.
हौशाबाय लांबून हात करते, विचारत काही नाही.
वाटी शर्टाच्या खिशात असते.
वाकताना कधी कॉइल छातीजवळ येते
आणि मशीन
माझ्यावरच वाजतं.