डावा की उजवा

घणसोली, सेक्टर सात. दवाखान्याच्या वहीत
सोमवारी सगळ्यात जास्त नावं.
रविवारी टर्फवर खेळलेले चाळिशीचे लोक
पोटरी धरून येतात, हसतात,
"काही नाही हो, जरा वळलो फक्त."

मंगळवारपासून मुलं.
तेरा वर्षांचा गोलंदाज, मणक्याला बारीक चीर.
वडील विचारतात, शनिवारची मॅच?
मी वय लिहिते, खेळ लिहिते, डावा की उजवा लिहिते.
'कसं झालं'चा रकाना अरुंद आहे.

तळवलीची हर्षाली मढवी एकदाच आली.
चढाईवरून परतताना गुडघा आत वळला.
"कट्ट वाजलं, मॅडम. पण पॉइंट मिलला."
ऑपरेशनचा आकडा ऐकून तिच्या आईने
पदराची गाठ सोडली
आणि तशीच पुन्हा बांधली.

मार्चमध्ये सर बेरीज मागतात.
गुडघे एकशे बारा, खांदे एकोणचाळीस.
हर्षालीचा गुडघा त्यात एक.

परवा ती मासळीबाजारात दिसली,
डोक्यावर टोपली, जिना उतरत होती.
दर पायरीला आधी डावा पाय,
मग उजवा त्याच पायरीवर,
मग थोडं थांबणं.

अकरा पायऱ्या होत्या.