निवडुंग

सोलांज कीफर सुईला जीवाणू लावते,
दुसरं कुणी दोरा ओवेल तसे.
टंगस्टनची सुई, पिवळट साका, भिंग.
पॅडवर वायूने गुंगलेल्या पंचवीस माश्या,
डोळे मिटता येत नाहीत म्हणून उघडेच.
छातीच्या कडेला एक टोचा.
पुढची.

स्ट्रासबुर्गला नोव्हेंबर लागलाय.
शेवटची ट्राम वळताना काच थरथरते
आणि माशीच्या पाण्यासारख्या रक्तात
कुणीतरी भिंतीचा एक तुकडा चाचपून म्हणतं :
ही वीट आपल्या घरची नव्हे.

तो याला सांगतो, हा त्याला.
सांगणं म्हणजे इथे कापणंच.
सरतेशेवटी कापला जातो श्पेट्झल.

हे नाव पहिल्यांदा ऐकून ती हसली होती.
श्पेट्झल तर ती रविवारी करते;
सैल पीठ फळीवर घेऊन, फळी आधणावर धरून
सुरीने सपासप तुकडे पाडायचे,
बुडतात, मग आपणच वर येतात.
आर्मांला त्यावर करपलेला कांदा लागायचा.

कापलेला श्पेट्झल पेशीच्या दाराला लागतो.
दाराचं नाव टोल.
तिच्या बोलीत याचा अर्थ भन्नाट,
थोडा वेडाही.
दार उघडत नाही. आत कुणी येत नाही.
बाहेरून हात पडला
एवढं फक्त आतल्या बाजूला कळतं.

आत निवडुंग नावाचा एक जण
एकाला मिठीत धरून बसलेला.
न सोडणं हेच त्याचं काम.
निरोप पोचतो तो त्याच्याच मोडण्याचा.
निवडुंगाचा चुरा होतो,
मिठीतला सुटतो, धावत केंद्रकात शिरतो.

दुसऱ्या रात्री, निळ्या दिव्याखाली
माश्या हिरव्या उजळतात.
सोलांज मोजते. एकोणीस. वीस.
शेजारच्या कुपीत टोल नसलेल्या,
काळोखात, काही आताच उताण्या.
त्या कुपीवरही ती तारीख नीट अक्षरात घालते.

आर्मांचा अंगठा द्राक्षमळ्यातल्या तारेने
कापला होता, एवढंच.
कोल्मारच्या इस्पितळात म्हणाले,
जीवाणू तर औषधाने केव्हाच मेले.
मेलेल्यांच्या भिंतींचा भुगा रक्तात होता
आणि अंग ओरडायचं थांबेना.
चार दिवस. भाऊ तिचा, बावन्न वर्षांचा.
कुणीतरी त्याला गप्प करायला हवं होतं.

परवा जेवताना थिबो, नवा विद्यार्थी,
मीठ मागता मागता म्हणाला :
सुटलेला आत जाऊन हत्यारांची यादी देतो ना,
त्याच यादीत निवडुंगही असतो.
मला धरणारा पुन्हा घडवा, म्हणतो.
गंमत आहे, नाही?

सोलांजने मीठ पुढे सरकवलं.
ताट तसंच ठेवून उठली.

आता ती सुई ज्योतीत धरते.
लाल होते.
ती निवेपर्यंत थांबते,
मग आणखी थोडा वेळ.