एकच ताप

ताप आधी ओटिसच्या डब्यातून आला,
अर्ध्या खाल्लेल्या सँडविचसोबत, शाळेतून,
जानेवारीच्या सहा तारखेला.
बाहेर लेक सुपीरियर काठाकडून गोठत चाललेलं.
घरात पाच माणसं, एक थर्मामीटर.

ओटिसला राज्य सांभाळतं.
सात वर्षांचा आहे, लहान मुलांची योजना आहे.
डॉक्टरीणबाईंनी घशात काडी फिरवली, अस्वलाचं स्टिकर दिलं,
काउंटरवर कुणी काही मागितलं नाही.
आई गाडीत बसताना म्हणाली, बघ, असं असतं ते.
असं म्हणजे कसं, ते तिने सांगितलं नाही.

मग ड्वेनमामा.
त्याला कागद गिरणीचा विमा, निळं कार्ड,
पण पहिले साडेतीन हजार डॉलर स्वतःचे.
गेल्या वर्षीच्या गुडघ्याने तो रांजण काठोकाठ भरला होता.
एकतीसच्या मध्यरात्री, आम्ही बंदरावरचे फटाके बघत असताना,
कुणीतरी तळाचं बूच काढलं.
"दोन आठवडे आधी पडायला हवं होतं आजारी,"
मामा म्हणाला, आणि खोकला,
जपून, जणू खोकल्यालाही मीटर आहे.

आर्वो आजोबांकडे दोन सरकारं.
एक म्हातारपणाचं: मेडिकेअर, भाग ए, भाग बी, भाग डी.
सी कुठे गेला विचारलं तर म्हणतात,
तो खासगी कंपन्यांनी पळवला.
दुसरं युद्धावरून परत आल्याचं,
सैनिकांचं इस्पितळ, नव्वद मैलांवर, बर्फात.
"देश विसरला नाही मला," म्हणतात,
"लांब ठेवलंय, एवढंच."

आईची लाँड्री, इस्पितळाच्या चादरी धुणारी,
नोव्हेंबरच्या शेवटी बंद झाली.
बेकारीचा भत्ता मिळतो म्हणून
गरिबांच्या योजनेची रेघ तिने चाळीस डॉलरने ओलांडली.
मग पत्र आलं. योजनेचं नाव कोब्रा.
खरंच तेच नाव आहे.
तोच जुना विमा, आता सगळे पैसे तुझे,
घराच्या हप्त्याहून दोनशे जास्त.
तिने ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं.
मारलं नाही. दूधही पाजलं नाही.

आणि मी.
त्याच महिन्यात मला सव्वीस पूर्ण झाली,
केकवरच्या मेणबत्त्यांबरोबर आईच्या विम्यातलं माझं नावही विझलं.
हार्डवेअरच्या दुकानात आठवड्याला अठ्ठावीस तास.
तीस झाले तर मालकाला विमा द्यावा लागेल,
म्हणून तिथलं घड्याळ अठ्ठाविसावर मरतं.
रात्री संगणकावर बघते:
कांस्य, रौप्य, सुवर्ण.
शर्यतीत धावलेच नाही, तरी धाप लागली.
कांस्य घेतलं तर गाडीचे टायर नाहीत,
टायर नाहीत तर दुकान नाही,
दुकान नाही तर कांस्यही नाही.

मला एकशे दोन ताप चढला त्या संध्याकाळी
आजोबांनी आपल्या बाटलीतल्या पाच गोळ्या मोजून
टेबलावरून सरकवल्या, पत्ते वाटल्यासारख्या.
कुणी काही बोललं नाही.
हे कुठल्या भागात येतं, ए की डी,
मी विचारलं नाही.

दुखणं हत्तीच्या पायांनी येतं
आणि मुंगीच्या पायांनी जातं म्हणतात.
आमच्याकडे ते मुंगीसारखंच आलं, मुंगीसारखंच गेलं.
हत्ती नंतर आले, टपालाने,
खिडकीच्या लिफाफ्यांतून.
एकच ताप, आणि प्रत्येकाच्या नावावर वेगळा आकडा.
ओटिसच्या नावावर शून्य.
तो ते पत्र घेऊन घरभर नाचला,
त्याला वाटलं, हरलो.

परवा त्याने सोफ्यावर दवाखाना मांडला.
गळ्यात उडीच्या दोरीचा स्टेथोस्कोप.
सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि माझ्यापुढे हात पसरला:
"कार्ड?"
मी खिसे चाचपले. वाचनालयाचं निघालं,
कोपरा दुमडलेलं, दोन पुस्तकांचा दंड बाकी.
त्याने उलटसुलट करून पाहिलं,
उजेडात धरलं,
मामाकडे, आजोबांकडे एकदा बघून घेतलं.

"चालतं," म्हणाला. "जीभ काढ."

फ्रिजवरच्या कागदाला अजून अकरा दिवस आहेत.
मी जीभ काढली.