खोटा खजूर

सोहारच्या त्या गल्लीत एक खजूर आहे,
त्याला कधी घोस लागत नाहीत.
खोड लोखंडाचं, झावळ्या प्लास्टिकच्या,
झावळ्यांमागे सहा अँटेना,
उशिरा आलेल्या पाहुण्यांसारख्या अंग चोरून उभ्या.
कावळे मात्र फसतात, घरटी बांधतात.
हे कावळेही आपल्याकडचेच म्हणे,
गलबतांवर बसून आलेले, व्हिसा न काढता.

तक्रार क्रमांक एकशे बारा:
दुसरा मजला, समोर टॉवर, घरात तान्हं मूल.
मी मीटर घेऊन गेलो. ऑगस्ट होता,
सदरा पाठीला शिवल्यासारखा.
बाईंनी दारातच इंग्रजीत सुरुवात केली,
मी इंग्रजीत मान हलवली.
मग आतून रडणं आलं
आणि त्या वळून म्हणाल्या, "आले रे, आले, सोन्या."
बूट काढता काढता माझ्या तोंडून गेलं,
"सावकाश ताई, मला घाई नाही."

हेमांगी उकिडवे. नर्स, बाळंतपणाच्या रजेवर.
घरातल्या सगळ्या खिडक्यांना चंदेरी कागद,
पोळ्या गुंडाळायचा तोच, चार थर, वर चिकटपट्टी.
कुणीतरी सांगितलं होतं.
कुणीतरी सांगतंच.

बाहेरच्या खोलीतला कागद मी सोडवला,
काठीवरचा पांढरा चेंडू खिडकीत धरला.
सहा मिनिटं, नियमाप्रमाणे.
सहा मिनिटं दोघंही गप्प. एसीची गुरगुर.
आकडा आला: शून्य पूर्णांक सात.
मर्यादा एकसष्ट.
"आकडे राहू द्या," त्या म्हणाल्या.
"तुम्ही तुमचं मूल इथं झोपवाल का?"

माझी मुलगी दाभोळला असते. सात वर्षांची.
मी तिला आजवर एकशे चाळीस रात्री झोपवलंय,
सुट्ट्या मोजून.
हो म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

मग आतल्या खोलीत गेलो, मीटर हातात चालूच,
आणि पाळण्यापाशी आकड्याने उडी मारली:
अकरा.
मी खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद, कागद शाबूत.
दुपट्याची घडी उचलली.
खाली फोन, पालथा, चालू,
आणि फोनमधून कुणीतरी घोरत होतं.

"त्याचे बाबा," बाई म्हणाल्या, आणि कानापर्यंत लाल झाल्या.
"फहूदला असतात, तेलावर. सहा आठवडे तिकडेच.
रात्रपाळी करून आले की दिवसा फोन लावून झोपतात.
तो आवाज नसला की हा डोळा मिटत नाही."

मी सांगितलं, अकराही हद्दीतच आहे, घाबरू नका.
पण टॉवर नव्हे ताई, ओरडतोय तो हा.
तुम्ही चार थर लावलेत,
टॉवरला याचं ऐकू जाईना,
म्हणून याने आवाज चढवला.
बहिऱ्या माणसाशी आपण बोलतो तसा.

कागद सोडवला. आकडा चारवर आला.
फोन स्टुलावर ठेवला, पाळण्यापासून हातभर, स्पीकर लावून.
मग तो एकाच्याही खाली गेला.
बाळाने एक मूठ उघडली, मिटली.
आम्ही दोघं श्वास धरून उभे,
आणि तिकडे वाळवंटात उकिडवे साहेब
कुशीवर वळले, खाट करकरली,
पुन्हा लय धरली त्यांनी.
बाळ झोपलेलंच.

फॉर्मवर "केलेली कारवाई" असा रकाना असतो.
लिहिलं: कागद काढला.
खाली अजून दोन ओळी रिकाम्या होत्या,
त्या तशाच ठेवल्या.

गाडीत बसून दाभोळला फोन लावला,
खोट्या खजुराच्या बुंध्याशी, सिग्नल भरून वाहत होता.
बायको म्हणाली, ती खेळायला गेलीय, बोलावू का?
म्हटलं, नको. खेळू दे.
चालू ठेव जरा, तू तुझं काम कर.
भांडी वाजत राहिली.

समोरच्या कचरापेटीत बाईंनी कागदाचा बोळा टाकला.
एक कावळा उतरला, मान वाकडी करून बघितलं,
आणि हातभर चंदेरी पट्टी ओढून काढून
वर नेली, अँटेनाच्या आड,
घरट्यात घालायला.