चार बोटं

खिडकीच्या चौकटीवर फट ठेव, चार बोटं,
एन्देल म्हणाला,
आणि डावा हात हातमोज्यातच राहू दिला.
त्या हाताला, अंगठा सोडला तर, बोटं तीनच.
चौथं सामुदायिक शेतीच्या करवतगिरणीत राहिलं,
तो एकोणीस वर्षांचा असताना.
म्हणून माप माझ्या हाताचं घेतलं.

झाडं जानेवारीत पाडलेली,
रस मुळांशी निजलेला असतो तेव्हा,
आणि कुऱ्हाडीचा घाव काचेवर पडल्यासारखा वाजतो.
एकोणसाठ ओंडके.
घोडीने ओढून आणले, बर्फावरून.
ट्रॅक्टर नको म्हणाला, तो जंगल सोलतो.

प्रत्येक बुंध्याशी गुडघे टेकून
सालीखालची रेषा तो बघायचा,
पीळ उजवा की डावा.
डाव्या पिळाचे पाच त्याने सरपणात टाकले.
मी हळहळले. सरळसोट होते की दिसायला!
दिसायला, तो म्हणाला.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
मला विचाराल तर
आधी एक वासाच फिरतो, गुपचूप,
आणि घराला फार उशिरा कळतं.

मार्च ते जून.
कर्कटकाचं एक टोक खालच्या ओंडक्यावर,
दुसरं वरच्यावर,
खालच्याचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक गाठ
वरच्याच्या पोटावर उमटवायची
आणि मग तेवढंच पोट कोरायचं, पटाशीने,
केस जाईल एवढीही जागा न ठेवता.
मधे शेवाळ. पाणथळीतून मीच पोत्याने आणलेलं,
ओलं, थंड, बेडकांच्या वासाचं.
खिळा कुठेच नाही. ओकच्या खुंट्या.
बोलणंही नाहीच जवळजवळ.
एकदा त्याने माझी खाच बघितली,
नखाने कड तपासली,
आणि तंबाखूची डबी पुढे केली.
मी ओढत नाही. तरी घेतली.

ऑगस्टमध्ये कारेल आला, माझा भाऊ,
ताम्पेरेला चौदा मजली इमारती बांधतो.
फटीतून उजेड दिसतोय, म्हणाला, थंडीत मरशील,
आणि दुपारभर फेसाची बंदूक घेऊन
सगळ्या खिडक्यांवरच्या फटी पिवळ्या करून टाकल्या.
एन्देल संध्याकाळी आला. काही बोलला नाही.
सुरी काढली आणि अंधार पडेपर्यंत
तो फेस कापत राहिला, पावाचा मऊ भाग काढावा तसा.
तिथे जवसाचे तंतू कोंबले, सैल.
मग कारेलकडे न बघता म्हणाला,
घराला बसू दे.

बसायला वेळ लागतो.
पहिल्या हिवाळ्यात भिंती रात्री बंदुकीसारख्या फुटायच्या,
मी उठून बसायचे, कुत्रा भुंकायचा,
सकाळी कुठे काही नसायचं,
फक्त एका ओंडक्याला नवी, लांब, कोरडी रेघ.
लाकूड सुकतं, अंग चोरतं, खाली उतरतं.
ओसरीच्या खांबांखाली लोखंडी आटे असतात,
दर शरदात पाव फेरा सैल करायचे,
नाहीतर छप्पर खांबांवर अडून राहतं
आणि घर त्याच्याखालून निघून जातं.
दोन वर्षं एन्देलने केले.
तिसऱ्या वर्षी हेल्मेने पाना आणून दिला,
त्याच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेला.
मोजा परत नको म्हणाली.

आता फटीत माझी करंगळी तेवढी जाते.
बाकीची तीन बोटं घराने ठेवून घेतली.

दार घासतं का, हेल्मे विचारते.
थोडं, म्हणते मी, वरच्या कोपऱ्यात.
मग ती शाल सारखी करते,
दाराच्या त्या कोपऱ्याकडे बघते बराच वेळ.
रंधा आहे घरी, म्हणते.
पात्याला धार लावावी लागेल.