अक्षराला सहा रुपये

लोहगावच्या पुढे, खाणीच्या रस्त्याला,
पत्र्याची पाटी, चार बाय सहा,
खालच्या कोपऱ्यात गंजाने कुरतडलेली.
दफेदार बाबर म्हणाले, नवी करून दे, नियम तेच.
फ्लेक्स नको. फ्लेक्स वाऱ्यावर फडफडतो,
घोडी बुजतात.

दोन वर्षांत मला कुणी
असं कारण देऊन बोलावलं नव्हतं.

अक्षराला सहा रुपये सांगितले
तसे ते नियम कापू लागले,
आयाळ कापतात तसे, मागे सरून बघत.

एक. टोपाशिवाय घोड्याला हात लावू नये.
पट्ट्यात दोन बोटं मावावीत.
"दोन बोटं काढ, माहीत असतं सगळ्यांना."
मी काढायला गेलो.
"नको. राहू दे."

दोन. मागून जाऊ नये. आधी बोलावे,
मग डाव्या खांद्याशी यावे.
न सांगता आलेला माणूस
घोड्याच्या लेखी वाघच.
हे शेवटचं पाटीवर नाही,
ते त्यांनी मला फुकट सांगितलं.

तीन. लगाम हाताला गुंडाळू नये.
यावर त्यांनी नुसता डावा हात पुढे केला.
चारच बोटं.
मी तीनचा आकडा जरा जाड काढला.

चारमध्ये ओढण्या, लोंबत्या पर्स, मोबाइल.
पाचमध्ये तंग, दोनदा तपासायचा,
कारण पहिल्या वेळी घोडं पोट फुगवतं,
चार पावलं चालवलं की लबाडी सुटते.
"हे लिहू?"
"तंग दोनदा. बस्स."
सहा म्हणजे गूळ, सपाट तळहातावर.

सातवर मात्र चर्चा झाली.
विमान आल्यास ओरडू नये, लगाम ओढू नये,
बूड जड करावे.
कुणा आईची तक्रार होती, बैठक म्हणा.
बैठक तीन अक्षरं, बूड दोन.
बूड राहिलं.

आठ. पडल्यास लगाम सोडावा, लोळण घ्यावी,
हाक येईपर्यंत उठू नये.
पडलेल्याला हसू नये.

नऊवर जुन्या पाटीत चुना फासलेला.
ऊन तिरपं झालं तशी
चुन्याखालची अक्षरं फुगून दिसायला लागली:
फकीर गरीब आहे. लहानांनी त्याच्यावर बसावे.
मी हसलो. फकीर गरीबच असणार की.

युनूस मोतद्दाराचा खरारा थांबला.
पांढरा होता, म्हणाला, अठ्ठावीस वर्षांचा.
डोक्यावरून सुखोई गेलं तरी
एक कान हलवायचा, तोही उगाच, आपल्या समाधानासाठी.
पोरं त्याच्या मानेवर झोपून जायची.
पौषात पोटात मुरडा आला.
रात्रभर फिरवला आम्ही, मी आणि साहेब, पाळीपाळीने.
पहाटे तो बसला.
घोडं असं बसत नाही.

रिंगणात सोमी होती,
रेसकोर्सवरून उतरलेली तांबडी घोडी,
वर एक आठ-नऊ वर्षांची चष्मेवाली, ओठ घट्ट.
तेवढ्यात आभाळ फाटलं. जेट.
सोमी चार पावलं आडवी गेली, पाचवं टाकलं नाही.
चष्मेवाली बूड जड करून बसून राहिली,
हात खाली, लगाम सैल,
आणि मग, कुणीही न सांगता,
घोडीशी काहीतरी बोलली.

ब्रश माझ्या हातात ओला होता.
मी मनात मोजलं. सोमी गरीब आहे.
सात अक्षरं, बेचाळीस रुपये.
"लिहू?"
दफेदार बराच वेळ रिंगणाकडे बघत राहिले.
"अजून नाही. नऊ काढ, पुढे कोरं सोड."

मग दहा.
उतरल्यावर घोडे फिरवावे, निवल्यावर पाणी द्यावे.
आपले पाणी त्यानंतर.

शिरोरेषा ओढून झाल्या तेव्हा साडेसहा वाजले होते.
पैसे मोजून दिले, सुटे, दहा रुपये जास्त.
मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवत होतो.
"काळा उरलाय का?"
उरला होता, डब्याच्या तळाशी, पाव भाग असेल.
"ठेवून जा.
झाकण घट्ट लाव. वाळायला नको."