झोल

कुताइसीच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर
माझं काम एवढंच :
कुठेच न जाणाऱ्या रस्त्यावर माणसं चालवायची
आणि दर तीन मिनिटांनी रस्ता थोडा उभा करायचा.

आज नाझिब्रोला आली. वय सदुसष्ट.
पायांत सुनेचे बूट, मापाला मोठे,
चवड्यांशी वर्तमानपत्राचे बोळे.
चियातुराहून पहाटेच्या मिनीबसने, उपाशीपोटी,
पिशवीत दोन उकडलेली अंडी.
"नंतरची," म्हणाली. "नंतर असतं ना काही?"

चकत्या चिकटाव्यात म्हणून मी तिच्या छातीवर
बारीक खरकागद फिरवला.
"जुना रंग खरवडतेस, की नवा लावणार आहेस?"
दहा चकत्या. दहा वायरी. दंडाला पट्टा.

एकतीस वर्षं बाईनं दरीवरचा पाळणा चालवला.
मँगनीजच्या खाणीत माणसं चढवली,
काळी होऊन आली की उतरवली.
"आमच्या गावात चढ कुणी चालत नाही गं,
आम्ही चढाला दोर बांधला होता."
म्हणजे हा तिचा पहिलाच डोंगर,
तोही रबराचा.

पहिल्या चढावर तिनं माझी उलटतपासणी घेतली :
लग्न? पगार? आई कुठल्या गावची?
दुसऱ्यावर प्रश्न आखूड झाले.
तिसऱ्यावर नुसती भुवई.

"छातीत दुखतंय?"
"नाही."
"जबडा? डावा हात?"
"नाही म्हटलं ना."
माझी आईही असंच म्हणायची,
तिच्याकडे दुखण्याला एकच शब्द होता : दमले.

पडद्यावर मात्र
प्रत्येक शिखरानंतरची सपाटी
खाली बसत चाललेली.
एक मिलिमीटर. दीड.
मी डॉक्टर मालखाझकडे पाहिलं,
डॉक्टरांनी पडद्याकडे,
आणि कठडा घट्ट धरून, चालता चालता,
नाझिब्रोलानंही.

"झोल," ती म्हणाली.
"दोन खांबांमध्ये... झोल पडलाय.
भार जास्त."

डॉक्टरांनी अजून तोंड उघडलं नव्हतं.

माझं बोट लाल बटणाकडे गेलं.
"मध्ये नको, पोरी. मध्ये नको थांबवू."

का नको, ते नंतर कळलं, खाटेवर, श्वास सापडल्यावर :
फेब्रुवारीत एकदा वीज गेली.
ती आणि नऊ खाणकामगार, अधांतरी, चार तास,
खाली क्विरिला, काळ्या पाण्याची.
एकानं गाणं म्हटलं, एकानं बाटलीत लघवी केली,
खाली कुणीच पाहिलं नाही.
"चालता पाळणा कमी हलतो," ती म्हणाली,
"थांबलेला फार."

पण तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, मध्ये नको,
आणि मी थांबवलं.
सात मिनिटं, बावीस सेकंद.

पट्टा एकदम थांबत नाही,
हे मी तिला आधीच सांगायला हवं होतं.
तो आधी उतरतो, मग सपाट होतो,
मग पावलं मोजत सावकाश निजतो.
पायांखाली तिला ते कळलं असावं.
पकड सैल झाली.
फलाटाला पाळणा अलगद लावल्यावर
मान हलवावी तशी तिनं मान हलवली,
माझ्या कामाला मिळालेली
या वर्षातली पहिली पावती.

रेषा वर यायला सहा मिनिटं लागली.
डॉक्टर बोलले : शिरांचा फोटो काढू, मग बघू,
तोवर भार कमी करा.
तिनं अंड्याचं कवच सोलत हिशेब मांडला :
कुणाला उतरवायचं?
सून कामाला जाते. नातू साडेतीन वर्षांचा.
दीराला दिसत नाही.
"गाय?" मी विचारलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मी पुन्हा वायरी गुंडाळायला लागले.

जाताना कागदाची एक प्रत मागितली.
नवरा दोरांचा तपासनीस होता,
अजूनही रात्री बोटांनी
चादरीची शिवण चाचपत झोपतो.
"त्याला दाखवते. त्याला लगेच कळेल."
घडी घालून तिनं ती बुटात ठेवली,
वर्तमानपत्राच्या बोळ्याशेजारी.

अर्धं अंडं माझ्या टेबलावर, मिठाशिवाय.
बाहेर बाकावर पुढचा माणूस
वाकून नाडी बांधत होता.